पाणी मागनं येतंय : पंचगंगेच्या पूरमैदानाची पाहणी

कोल्हापुरात नवख्या माणसाला व्हीनस कॉर्नरला उभं करा आणि नदी कुठल्या बाजूला आहे ते विचारा. बोट दाखवता यायचं नाही. दुकानं, हॉटेलं, एसटी स्टँडकडे निघालेल्या रिक्षा, आणि पंचगंगेचा कुठे मागमूसही नाही. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये या भागात पुराचं पाणी होतं. ते घाटावरून रस्त्याने चालत आलं नव्हतं. जयंती नाल्यातून, उलट्या दिशेने आलं होतं. शहरातून वाहणारा हा नाला एरवी आपलं पाणी (आणि शहराचं सांडपाणी) नदीला नेऊन देतो. नदी चढली की त्याचं तोंड दाबलं जातं, त्याचं पाणी जागच्या जागी तुंबतं, आणि मग नदीच त्याच्या पात्रातून वर सरकत शाहूपुरीपर्यंत येते.

नदीकाठच्या गावांत पूर कसा आला म्हणून विचारलं, की जुनी माणसं असंच काही सांगतात: पाणी पुढनं येत न्हाई, मागनं येतंय. काठ कोरडा असतो आणि गावामागचं रान भरलेलं असतं. ऐकणाऱ्याला ते कोड्यासारखं वाटतं. पण पूरमैदानाची, म्हणजे पुरात नदी ज्या सपाट जमिनीवर पसरते तिची, घडण कळली की त्यात कोडं उरत नाही.

या टिपणात घेतलेला पट्टा प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंतचा. सोबतीला २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर. आणि तपासायची गोष्ट एकच: पूर आटोक्यात ठेवायची कामं ठरवण्याआधी नदीच्या भूरूपांची नीट पाहणी केली, तर कामांच्या यादीचा क्रम तोच राहतो का? माझ्या मते राहत नाही. तो का राहत नाही, तेच पुढे मांडतो.

वर पाच नद्या, खाली एक

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती. त्यांची मिळून पंचगंगा होते ती प्रयाग चिखलीला. दिसणाऱ्या चारही नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळून निघतात. तिथल्या गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजार, आणि शिरोळकडे त्याच्याही निम्म्यावर. शंभरेक किलोमीटरच्या आत पाऊस जवळपास दहापटीने घटतो. म्हणून शिरोळला ऊन पडलेलं असताना घरात पाणी शिरतं. तिथल्या माणसाला आकाशाकडे बघून पुराचा अंदाज येत नाही. गगनबावडा आणि राधानगरीचे आकडे बघावे लागतात.

वरच्या भागातली दरी अरुंद आहे. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या सोंडा, उतारावर भाताची खाचरं, तळाशी खडकाळ पात्र. इथे पाणी साठायला जागा नाही, ते फक्त पळतं. संगमाच्या अलीकडे-पलीकडे दरी एकदम उघडते, नदीचा उतार मोडतो आणि पाण्याचा वेग जातो. भरधाव आलेलं पाणी जिथे मंदावतं, नेमक्या तिथेच प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि कोल्हापूर वसलेले आहेत.

मग धरणं काय करतात? राधानगरीत ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), तुळशीत ३.४७, कासारीत २.७७ आणि कुंभीत २.७१ टीएमसी पाणी मावतं. बेरीज सव्वासतरा टीएमसीच्या आसपास. आता हिशेब करू. नदीतून लाखभर क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी एक दिवस वाहिलं, तर ते ८.६४ टीएमसी होतं, म्हणजे भरलेल्या राधानगरीपेक्षाही जास्त. शिवाय जुलैअखेरीस ही धरणं रिकामी नसतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तर कुणाच्या हुकमाची वाट न बघता, पातळी आली की आपोआप उघडतात. कोल्हापुरात ‘कितवा दरवाजा उघडला’ ही पावसाळ्यातली रोजची चौकशी असते. त्या एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. महापुराच्या मापात ते फार नाही. पंचगंगेचा पूर धरणात कोंडून ठेवता येईल ही आशा त्यामुळे सोडून द्यावी लागते. पाणी खाली येणारच, आणि जे करायचं ते खालच्या मैदानात.

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. आकडे जवळजवळ सारखे, पण पूर वेगळे. २०१९ चा पूर रेंगाळला. पाऊस दिवसामागून दिवस पडत राहिला आणि आठवडा उलटला तरी नदी धोका पातळीच्या खाली यायला तयार नव्हती. २०२१ चा पूर अंगावर आला. पाणी झपाट्याने चढलं आणि त्या मानाने लवकर ओसरू लागलं. फूटपट्टी दोघांनाही एकाच पंगतीत बसवते. शेतकऱ्याला मात्र फरक ठाऊक असतो. ऊस दोन-तीन दिवस पाण्यात राहिला तर तो तग धरू शकतो. आठ दिवस शेंडा बुडाला, शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांच्या सुरळीत गाळ बसला, की पीक गेलं.

नकाशावर जागा कोरी

पाहणी नकाशापासून सुरू होते, आणि पहिली ठेच तिथेच लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) सहसा २० मीटरचं अंतर असतं. पंचगंगेच्या धोका पातळीत आणि २०२१ च्या कमाल पातळीत फरक किती? तेरा फूट, म्हणजे चार मीटर. लाखो माणसांना घराबाहेर काढणारी सगळी उलथापालथ दोन समोच्च रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडून जाते आणि नकाशा गप्प असतो.

संगणकावर फुकट मिळणारी उंचीची प्रारूपं आहेतच. त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवर उभं आहे. त्याची उंचीतली चूक काही मीटरांची असू शकते, आणि आपल्याला तर चार मीटरांच्या आतल्या गोष्टी बघायच्यात. त्यावर आणखी एक स्थानिक गंमत. फेब्रुवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम, अर्धा ऊस तोडलेला आणि अर्धा उभा. रडारचा परतावा काही अंशी पिकाच्या शेंड्यावरूनही येतो. त्यामुळे उभ्या फडाचं रान उंच आणि तोडलेलं रान सखल दिसण्याची शक्यता उरतेच. पुण्या-मुंबईत बसून कुणी या प्रारूपावर पूरनकाशा काढला, तर त्यातल्या काही ‘टेकड्या’ त्या वर्षीच गाळपाला गेलेल्या असतील.

म्हणजे जमिनीवर उतरावं लागतं. डीजीपीएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची अचूक सांगणारं यंत्र), लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (तिच्यासोबतची मोजपट्टी), आणि पैसे असतील तर विमानातून किंवा ड्रोनवरून लायडार. लायडारचे लेसर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून उसाच्या पट्ट्यात ते खरोखर कामाचं. साध्या ड्रोन-छायाचित्रांना मात्र ऊस आडवा येतो. एप्रिल-मे महिन्यात रान मोकळं असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा चार चालींत ऊस घेणाऱ्या या पट्ट्यात सगळी रानं एकाच वेळी कधीच मोकळी नसतात. आडसाली तर दीड वर्ष जागेवर उभा असतो. तेव्हा पाहणीचं वेळापत्रक उसाच्या तोडीच्या वेळापत्रकाला धरून आखावं लागतं. हे कुठल्याही निविदेत लिहिलेलं नसतं.

मोजणीत नदीचे आडवे छेद घेतात. बऱ्याचदा ते या काठापासून त्या काठापर्यंत आणि थोडे पुढे असतात, कारण डोक्यात ‘नदी’ म्हणजे पात्र असतं. महापुरात नदीची रुंदी एका बाजूच्या माळापासून दुसऱ्या बाजूच्या माळापर्यंत असते. छेदही तिथवर गेला पाहिजे, भले त्यासाठी चार गावांच्या पाणंदी तुडवाव्या लागोत. असे थोडेच छेद घेतले तरी अर्ध्या छेदांच्या मोठ्या ढिगापेक्षा ते जास्त सांगतात.

काठ उंच, पाठ खोल

आता मूळ गोष्ट. पूर काठाबाहेर पडतो तेव्हा पाण्याचा वेग एकाएकी कमी होतो. सोबत आणलेल्या गाळातला जाड भाग, म्हणजे वाळू आणि पोयटा, काठालगतच खाली बसतो. बारीक चिकण कण तरंगत आत जातात आणि पाणी स्थिरावलं की लांबवर बसतात. पूर शेकडो वेळा आले, की काठ हळूहळू उंचावतो आणि त्याच्या मागची जमीन सखल राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला पूरतट म्हणतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हा शब्द माहीत नसेल, पण मळीचं रान कुठलं हे तो झोपेतही सांगेल: काठालगतची भुसभुशीत, निचऱ्याची, वांग्याला आणि भाजीपाल्याला मानवणारी जमीन. तिच्या मागे पाणी धरून ठेवणारं काळं चिकण रान. मातीचा हा बदल म्हणजेच भूरूपाची सीमा. ती शोधायला दरवेळी यंत्र लागत नाही. कुदळ आणि बोटांमध्ये मळून बघायला चिमूटभर ओली माती पुरते.

इथे एक सावधगिरी. गंगा-कोसीच्या मैदानात असे तट दुरून ओळखू येतात. आपल्या दख्खनच्या नद्या बेसॉल्टमध्ये खोल रुतलेल्या आहेत. काठ उंच, गाळाचा थर त्या मानाने पातळ, आणि पूरतटाचा उंचवटा इतका सौम्य की उसात तो दिसतच नाही. पण सायकल मारत नदीकडून गावाकडे या. आधी पायडल हलकं होतं, मग एखादी मोरी लागते, मग गावाजवळ पुन्हा चढ. त्या मोरीखालचा ओढा म्हणजे मागच्या सखल भागाचा निचरा, आणि पूर मागून येतो तो याच वाटेने. नदीचं पाणी काठ ओलांडायच्या कितीतरी आधी ओढ्याच्या तोंडातून आत शिरतं आणि गावाच्या पाठीशी पसरतं. जयंती नाला म्हणजे याचीच शहरी आवृत्ती, फक्त मागच्या सखल रानाच्या जागी तिथे बाजारपेठ आहे.

मागच्या पिढ्यांनी गावं बसवली ती हे ओळखून. काळी आणि पांढरी अशी जमिनीची विभागणी आपल्याकडे जुनी आहे. काळी कसायची, पांढरी राहायची. नदीकाठच्या गावांचं मूळ गावठाण सहसा अशा उंचवट्यावर असतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच घरं पडून नवी उभी राहिल्याने तो आणखी उंचावलेला असतो. कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाजवळचं ब्रह्मपुरीचं टेकाड हा तर पुराव्यानिशी सिद्ध झालेला नमुना. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती सापडली. रोमन जगाशी संबंध सांगणाऱ्या कांस्यवस्तूही याच टेकाडावर मिळालेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी नदीच्या अगदी उशाशी राहणाऱ्या त्या लोकांनी जागा निवडली ती टेकाडाची. पुराचं पाणी आज शिरतं त्या बहुतेक वसाहती गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या, पांढरीवरून काळीत उतरलेल्या.

या पाहणीतून एकच तक्ता काढायची मुभा मिळाली, तर मी ओढ्या-नाल्यांच्या तोंडांचा काढीन. पंचगंगेला मिळणारा प्रत्येक ओढा, त्याच्या तोंडाची पातळी, रुंदी, त्यावरची मोरी किंवा नळे, आणि बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना नदी त्यात उलटी शिरते तो आकडा. कोल्हापूरकर आजही बंधाऱ्याचे फूट ऐकूनच तळमजल्यावरचं सामान कधी वर न्यायचं ते ठरवतात. त्या अनुभवाला तोंडांच्या पातळीची जोड मिळाली, की इशारा शहराला न देता गल्लीला देता येईल. अर्थात बंधाऱ्यावरचा तोच आकडा चढत्या पुरात एक सांगतो आणि उतरत्या पुरात दुसरंच, कारण खाली कृष्णा कशी आहे त्यावर पंचगंगेचा उतार ठरतो. त्या भागाकडे पुढे येऊच.

वळणांबद्दल थोडक्यात. पंचगंगा संगमापासून संगमापर्यंत पात्राने सुमारे ८० किलोमीटर वाहते. सरळ रेषेत हेच अंतर ४५ च्या आसपास भरतं. म्हणजे नदी भरपूर नागमोडी आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती काठ पोखरते आणि आतल्या अंगाला गाळ टाकते. कधीकाळी सोडून दिलेली पात्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण जुन्या गावनकाशात सापडू शकतात. आयताकृती गटांच्या मध्येच काही गटांचे बांध धनुष्यासारखे वाकलेले असतात. शेतकऱ्याने बांध उगाच वाकवलेला नसतो, तिथे एकदा काठ असावा. महापुरात अशा जुन्या वाटेने पाणी आधी धावतं, म्हणून गटनंबरासकट त्याची नोंद हवी.

काठांची आणखी एक नोंद लागते. पूर भरकन ओसरला की पाण्याने फुगलेला काळ्या मातीचा काठ आधार गेल्यामुळे खाली बसतो. लोकांना वाटतं नदीने काठ नेला. प्रत्यक्षात तो पुराच्या जोराने कमी आणि पुराच्या माघारीने जास्त ढासळतो. वीटभट्टीसाठी जिथे काठाचा पोयटा उकरला आहे तिथे वेगळी खूण करावी. तट खोदून कमी केला, की नदीला आत यायला नवं तोंड आपणच करून देतो.

तळाशी कृष्णा

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी चढत चढत उत्तर दारातून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं. भाविक त्या प्रवाहात स्नान करतात. पातळी आणखी वाढली की उत्सवमूर्ती वर हलवतात. हा सोहळा श्रद्धेचा आहेच, पण जलशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर कृष्णा-पंचगंगा संगमावरचं ते पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेलं पातळीमापन आहे. सोहळा कुठल्या तारखांना झाला याच्या नोंदी जमवल्या, तर संगमाच्या पातळीचा एक इतिहास हाती येईल.

संगमाचं महत्त्व असं, की खालच्या पंचगंगेला स्वतःचा उतार फारसा नाही. कृष्णेची पातळी जास्त असेल तर पंचगंगेचं पाणी अडतं, त्याला फुग येते आणि ती फुग मागे मागे सरकते. कृष्णेत वरून कोयना आणि वारणा या नद्यांचं पाणी येतं. त्यांवरच्या धरणांची क्षमता अनुक्रमे १०५.२५ आणि ३४.४० टीएमसी, म्हणजे पंचगंगेच्या चारही धरणांच्या कितीतरी पट. कोयनेतून सोडलेलं पाणी पंचगंगेच्या थेंबालाही शिवत नाही, पण पंचगंगेला जायला वाट आहे की नाही ते मात्र ठरवू शकतं. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांचा हिशेब एकत्र येतो. जमीन सपाट, माती पाणी धरणारी आणि त्यात वर्षानुवर्षांचं पाटपाणी. क्षारपडीचा, म्हणजे जमिनीत क्षार साचून ती नापीक होण्याचा, प्रश्न याच पट्ट्यात पिकला हे आश्चर्याचं नाही. पाहणीच्या दृष्टीने क्षारपड गटांची यादी म्हणजे आयताच हाती आलेला एक कागद. पांढरे फुललेले गट नकाशावर रंगवून बघा, निचरा न होणाऱ्या सखल जागा त्यात उमटण्याची शक्यता मोठी आहे.

आणि अलमट्टी, खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. या विषयावर कोल्हापूर-सांगलीत दोन माणसांचं एकमत होणं कठीण. अलमट्टीची पूर्ण साठा पातळी ५१९.६० मीटर आहे, आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव कृष्णा पाणीतंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यापासून चर्चेत आहे. राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ५४३.२९ मीटर, म्हणजे आजच्या अलमट्टीच्या काठोकाठ पातळीहून जवळपास चोवीस मीटर वर. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मे २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांकडे बोट दाखवलं आहे. तो निष्कर्ष सगळ्यांना पटला नाही. धरणाची उंची वाढवायला महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि तो तपासून पुढे न्यावा इतका गंभीर प्रश्न आहे. माझी तक्रार वेगळी. अलमट्टीच्या वादाने सगळी हवा खाऊन टाकली, की नाल्याच्या तोंडावर भराव टाकणारा सुखाने झोपतो.

रेषा आणि पट्टा

महाराष्ट्रात पूरक्षेत्र आखायची पद्धत १९८९ च्या शासकीय परिपत्रकापासून रूढ आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा प्रस्थापित पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्गाची, दोन्हींत जी मोठी असेल ती. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मधल्या भागात निर्बंध. पद्धत वाईट नाही. शब्द मात्र घात करतात. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकलं की घर घेणाऱ्याला वाटतं, आत्ताच आला, आता पंचवीस वर्षं निवांत. खरा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा बघायला लागण्याची शक्यता सत्तर टक्के निघते. लाल रेषेसाठीही ती सव्वीस टक्के आहे. बँकेचा हप्ता भरणाऱ्याला ही भाषा लगेच समजेल.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या-लाल रेषांमधल्या भागात बांधकाम करताना जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवायचं असतं. घरापुरता नियम शहाणपणाचा आहे. पण जोतं वर न्यायचा सोपा मार्ग म्हणजे भराव. एका एकरावर दोन मीटर भराव टाकला, तर सुमारे ८,१०० घनमीटर पाण्याची जागा गेली. अशा साधारण साडेतीन हजार एकरांनी एक टीएमसी होतो. म्हणजे एकेका प्लॉटमुळे नदीची पातळी वाढते हा आरोप हिशेबात टिकत नाही, आणि तो करणाऱ्यांनी हे मान्य केलेलं बरं. नुकसान दुसरीकडे होतं. तो प्लॉट ओढ्याच्या तोंडाशी किंवा जुन्या पात्राच्या वाटेवर असेल, तर पाणी शेजारच्या गल्लीत वळतं आणि ओसरताना अडकून बसतं. तोच भराव मागच्या एखाद्या कोपऱ्यात पडला असता तर फार बिघडलं नसतं. निळी-लाल रेषा हा फरक करू शकत नाही, कारण तिला फक्त उंची ठाऊक आहे. भूरूपांचा नकाशा तो करू शकतो. दोन रेषांमधल्या पट्ट्यात तो सरळ सांगेल: ही पाण्याची वाट, हे पाण्याचं साठवण, आणि हा भिजणारा पण कुणाला न अडवणारा काठ. परवानग्यांचा विचार या तीन जागांसाठी वेगवेगळा व्हायला हवा.

कामांची यादी उलटी होते

महापुरानंतरची पहिली मागणी बहुधा गाळ काढा, पात्र खोल करा अशी असते. पोकलेन नदीत उतरलेलं दिसलं की काहीतरी चाललंय असं समाधानही मिळतं. पण ज्या पट्ट्यातली पातळी खालच्या संगमावरून ठरते, तिथे तळ खरवडल्याने पुराची पातळी फारशी उतरत नाही. खरवडलेला खड्डा पाण्याने आधीच भरलेला असतो, आणि पुढच्या एक-दोन पुरांत गाळानेही भरतो. पुलांच्या आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या खांबांत अडकलेली झाडं-झुडपं काढणं, पावसाळ्याआधी बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) वेळेत काढणं, ही साधी कामं त्यापेक्षा उपयोगाची. वळणं कापून नदी सरळ करण्याची सूचना अधूनमधून येते, ती तर शिरोळच्या माणसाने ऐकूच नये अशी. कोल्हापूरचं पाणी काही तास लवकर त्याच्या दारात पोचवणं एवढाच तिचा अर्थ. काठावर पूरभिंत बांधली, तर मागून येणाऱ्या पाण्याचं काय? नाल्याच्या तोंडाला दरवाजा आणि आतलं पाणी उपसायला पंप नसेल, तर भिंतीने शहराचं तळं होईल.

यादीत वर येतो तो महामार्गाचा भराव. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पूरमैदान आडवं ओलांडतो. २०१९ मध्ये तो पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर वाहतूक बंद राहिली. महामार्ग बुडला म्हणून उंची वाढवा, असं लगेच म्हटलं जातं. नुसती उंची वाढवली तर रस्ता कोरडा राहील, पण तो माळापासून माळापर्यंतचा बांध होईल. भराव काढून त्या जागी खांबांवरचा रस्ता करा ही स्थानिकांची मागणी भूरूपाच्या दृष्टीने रास्त आहे. फक्त मोकळे गाळे कुठे ठेवायचे ते ठेकेदाराच्या सोयीने ठरू नये. पुराचा खरा ओघ जिथून जातो तिथेच ते हवेत, आणि तो ओघ मुख्य पुलाखालूनच जातो असं समजायचं कारण नाही. माळापर्यंत नेलेले आडवे छेद इथे कामी येतात.

नंतर येतात नाल्यांची तोंडं आणि मोऱ्या. गावरस्त्यावरचे दोन नळे बदलून चौकोनी मोरी केली तर पाणी कमी येणार नाही, पण जायला दोन दिवस कमी लागतील. उसाला आणि घराच्या भिंतीला त्या दोन दिवसांचीच किंमत असते.

पुनर्वसन शेवटी लिहितोय, ते सोपं म्हणून नव्हे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना जवळच्या सोनतळीला उंचावर भूखंड देण्यात आले. तीस वर्षांनी २०१९ चा पूर आला तेव्हाही जुन्या गावात भरपूर माणसं राहत होती. बाहेरून बघणारा म्हणतो, जागा दिली तरी हे लोक जात नाहीत. पण शेत खाली, गोठा खाली, डेअरीला दूध घालायची वेळ पहाटेची. म्हैस काळीत आणि माणूस माळावर, हा संसार रोज कसा चालवायचा? म्हणून चिखलीसारख्या गावाच्या नकाशात पूररेषेच्या सोबत आणखी तीन गोष्टी घालाव्या लागतील. जनावरं हलवायची पाणंद कुठल्या पातळीला बुडते. ती बुडायच्या आधी बंधाऱ्यावर किती फूट पाणी असतं. आणि वरच्या माळावर पन्नास-शंभर म्हशी चार-आठ दिवस बांधायला, चारा टाकायला सरकारी गट कुठला मोकळा आहे. जनावरं वेळेत वर गेली की त्यांच्यामागे माणसंही जातात. पूर आला की बोट घेऊन मिनतवाऱ्या करत फिरावं लागतं ते बहुतेक गोठ्यांसाठीच.